कडता कोणाच्या नावावर?

ताई, नमस्कार.

उभी हयात सांगलीत हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी म्हणून गेली. मालक आता हयात नाहीत. काट्यावर पोत्याचं जे वजन यायचं त्यातून मी पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशोबाच्या कागदावर, किलो-दीड किलो कमी लिहायचो. बारदानाचं वजन वेगळं वजा व्हायचंच, हा कडता त्याच्यावरचा. मालक सांगायचे, ओल आहे, माती आहे, कडता धर. शेतकरी सहसा विचारत नसत. कुणी विचारलंच तर मी मालकाकडं बोट दाखवायचो. दिवाळीला पोशाख आणि एक पाकीट मिळायचं.

गेल्या वर्षी माझी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून झोप उडाली आहे. बायको म्हणते, तुम्ही कुठं खाल्लं, खाल्लं ते मालकानं. जावई शिकलेला आहे. तो म्हणतो, आत्म्याला पाप लागतच नाही, गीतेत आहे. एका गुरुजींनी मोठी शांत सांगितली आहे, खर्च पन्नास हजाराच्या घरात. काही जण काशीला जाऊन या म्हणतात. हल्ली स्टँडवर ओळखीचा शेतकरी दिसला की मी खांबाआड होतो.

माझी नात दीड वर्षाची आहे. तिला ऐकू येत नसावं असं वाटतंय. परवा घरातच कुणीतरी बोललं, म्हाताऱ्याचं पाप लेकराच्या कानात उतरलं. ताई, हे पाप पडतं कुणाच्या नावावर? माझ्या, मालकाच्या, का तिच्या?

— एक दिवाणजी, सांगली

दिवाणजी, नमस्कार.

तुम्ही शेवटी लिहिलेली गोष्ट मी आधी घेते, कारण बाकीचं सगळं चार महिने थांबलं तरी चालेल. नातीला याच आठवड्यात मिरजेला न्या आणि कानाच्या डॉक्टरांना दाखवा. बेरा नावाची तपासणी असते. मूल झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात, दुखत काही नाही. जन्मजात बहिरेपणाची कारणं डॉक्टरांना बऱ्यापैकी माहीत आहेत. पुष्कळदा ते जनुकांत असतं, कधी गरोदरपणात आईला झालेल्या संसर्गात, कधी कमी दिवसांच्या बाळंतपणात, कधी नवजात बाळाच्या जोरदार काविळीत. त्या यादीत आजोबांचा कडता नाही. श्रवणयंत्र लावायचं असो की कॉक्लिअर इम्प्लांटचं ऑपरेशन, जितकं लवकर तितकं पोरीचं बोलणं सुधारतं. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण धरलेलं आहे, तेव्हा अंगणवाडीत आणि सरकारी दवाखान्यात चौकशी करा. पापाचा विचार करत घरात बसून हे महिने घालवलेत, तर मात्र नातीच्या बाबतीत तुमच्याकडून खरंच काही वाईट घडेल.

आता ते घरातलं वाक्य. ते हवेतून आलेलं नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात असं म्हटलं आहे की अधर्माचं फळ करणाऱ्याला मिळालं नाही तर मुलांना मिळतं, मुलांना नाही तर नातवंडांना. हे अर्धवट ऐकून लोक पाळण्यापर्यंत बोट नेतात. पण त्याच अध्यायात, थोडं पुढे, हेही आहे: 'एकः प्रजायते जन्तुरेक एव प्रलीयते, एकोऽनुभुङ्क्ते सुकृतमेक एव च दुष्कृतम्.' जीव एकटा जन्मतो, एकटाच जातो, पुण्य एकटा भोगतो आणि पापही एकटाच. एकाच ग्रंथात, एकाच अध्यायात ही दोन्ही वाक्यं आहेत, मग मानायचं कुठलं? माझं उत्तर असं: पहिलं वाक्य ज्याचा हात काट्यावर आहे त्याला भिववायला लिहिलं आहे. ते त्यानंच वाचायचं. दुसऱ्यानं ते उचलून तान्ह्या पोरीवर टाकायचं नाही. तुम्ही ते पट्टी लिहिताना वाचलं असतंत तर त्याचं काम झालं असतं.

शिवाय कर्मसिद्धांताची सगळी मांडणी दोन दोष टाळण्यासाठी आहे. आपल्या दर्शनकारांनी त्यांना कृतनाश आणि अकृताभ्यागम अशी नावं दिली आहेत. म्हणजे केलेलं कर्म फळ न देता फुकट जाणं आणि न केलेलं माथी येणं. तुमचा कडता नातीच्या कानात उतरला असं मानलं तर एका फटक्यात दोन्ही दोष येतात. तुम्ही केलेलं सुटलं आणि तिनं न केलेलं तिला लागलं. ज्या सिद्धांताच्या नावानं हे बोललं जातं तो सिद्धांतच तिथे मोडतो. यावर कुणी शहाणा म्हणेल, मग तिचंच पूर्वजन्मीचं असेल. त्याला तुम्ही एवढंच विचारा की मिरजेला जायला गाडी कुणाची मिळेल.

मग नावावर पडतं कुणाच्या? इथे वहिनींचं म्हणणं निम्मं खरं आहे, फक्त त्यांना वाटतं ते निम्मं नव्हे. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली. सात रांजण खड्यांनी भरले, मग नारदाच्या सांगण्यावरून त्यानं घरी जाऊन विचारलं, माझ्या पापात वाटेकरी होणार का? बायकोमुलं म्हणाली, आम्हाला पोसणं तुमचं काम, पाप तुमचं तुम्ही बघा. महाभारतात विदुरानं धृतराष्ट्राला हेच सांगितलं आहे, की पाप एकटा करतो, फळ पुष्कळ जण खातात, खाणारे सुटतात आणि करणाऱ्याला डाग लागतो. त्या हिशोबानं वहिनी सुटल्या. पाकिटातल्या पैशाचं लुगडं त्यांनी नेसलं असेल, पण पैसा कुठून आला ते त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं.

आणि मालक? मालक घरातल्या खाणाऱ्यांत बसत नाहीत, कारण त्यांनी सांगितलं होतं. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात एक फार नेमकं सूत्र आहे. कर्म करवणारा, त्याला मान्यता देणारा आणि प्रत्यक्ष करणारा, हे तिघेही स्वर्ग-नरक देणाऱ्या कर्मात भागीदार असतात. त्याला जोडून लगेच म्हटलं आहे की ज्याचा त्यात पुढाकार जास्त, त्याला फळ जास्त. म्हणजे मालकाचा वाटा मोठा, यात शंका नाही. पण मालकाच्या वाट्यानं तुमचा वाटा कमी होत नाही. मालकानं सांगितलं म्हणून लिहिलं, हे बाजारात खपतं. आपस्तंबापुढे ते सांगून बघा, तो फक्त तुम्हाला यादीत तिसऱ्या जागी बसवेल. बाकी मालकाचा हिशोब मालक बघतील. मेलेल्या माणसाच्या वाट्यावर तुम्ही झोप खराब करू नका, तुमचा वाटा तुम्हाला पुरेसा आहे.

'ओल आहे' या सबबीवर दोन शब्द, कारण तुमच्या पत्रात ती दोनदा खोडून पुन्हा लिहिलेली दिसली. सौद्याच्या वेळी खरेदीदार हळकुंड हातात घेतो, मोडून बघतो, ओल असेल तर भाव पाडतो. ओलीची किंमत शेतकऱ्यानं तिथेच मोजलेली असते. तीच ओल पुन्हा वजनात धरायची म्हणजे एकाच गोष्टीसाठी त्याच्याकडून दोनदा वसुली. हे तुम्हाला मी काय सांगावं, तुमची हयात त्या धुरळ्यात गेली.

जावईबापूंचा मुद्दा मात्र वजनदार आहे, तो उडवून लावता येत नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात खरोखरच आहे की शरीरात राहूनही आत्मा करत नाही आणि लिप्त होत नाही. अद्वैताची सगळी इमारत त्यावर उभी आहे. पण त्याच वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांत 'कर्ता शास्त्रार्थवत्त्वात्' असंही सूत्र आहे. अर्थ साधा आहे: जीव कर्ता मानलाच पाहिजे, नाहीतर शास्त्राला अर्थ उरणार नाही. 'खरं बोल', 'चोरी करू नको' हे सांगायचं कुणाला? न करणाऱ्याला? यावर शंकराचार्यांना प्रश्न पडतोच की मग आत्मा अलिप्त कसा. तेव्हा ते सूत्रातलाच सुताराचा दाखला उलगडतात. वाकस-पटाशी हातात आहे तोवर सुतार राबतो, अवजारं ठेवून घरी गेला की तोच माणूस निवांत बसतो. तसा मन-बुद्धी-इंद्रियं ही अवजारं धरून आहे तोवर जीव कर्ता आहे आणि म्हणून भोक्ताही. रामानुज आणि मध्व तर याच्याही पुढे जातात, त्यांच्या मते जीवाचं कर्तेपण खरंच आहे, ते फक्त ईश्वराच्या अधीन आहे. म्हणजे 'आत्म्याला पाप लागत नाही' हे ज्यानं अवजारं कायमची खाली ठेवली त्या ज्ञान्याच्या तोंडी शोभतं. दिवाळीचं पाकीट घेताना 'मी' आणि पापाची वेळ आली की 'आत्मा', अशी सोय कुठल्याच आचार्यानं ठेवलेली नाही. जावईबापूंना माझा नमस्कार सांगा आणि हे त्यांना वाचून दाखवा. वाद घालतील, पण चांगला घालतील असं वाटतं.

तुम्ही हिशोबातले माणूस, म्हणून दानधर्माकडे तुमचं लक्ष जाणार. एवढं पाप, त्यात एवढं पुण्य वजा, बाकी काय? अशी सरळ वजावट आपल्याकडे सगळ्यांना मान्य नाही. महाभारताच्या शेवटी, स्वर्गारोहण पर्वात, युधिष्ठिर स्वर्गात पोचतो आणि त्याला आधी नरक दाखवतात. तो संतापतो. तेव्हा इंद्र त्याला सांगतो की प्रत्येकाचे शुभ आणि अशुभ असे दोन ढीग असतात आणि दोन्ही भोगावे लागतात, पुढेमागे एवढाच फरक. तू द्रोणाला मुलाच्या बाबतीत फसवलंस म्हणून तुला फसवूनच नरक दाखवला. नरो वा कुंजरो वा! आयुष्यभराचं धर्मराजपण त्या एका वाक्यातून वजा झालं नाही. तुमचा कडताही त्याच जातीचा आहे. पट्टीवर आकडा होता, सही होती, बारदान खरं होतं, हमाली-तोलाई खरी होती, फक्त एक किलो हळू आवाजात बोललेलं होतं.

म्हणून काशी, शांत, अन्नदान यांपैकी काहीही केलंत तरी ते दुसऱ्या ढिगात पडेल. वाईट नाही त्यात काही. काशीला हौसेनं जाऊन या, वहिनींना घेऊन, थंडीच्या दिवसांत, डॉक्टरांना विचारून. तिथे घाटांना पायऱ्या फार आहेत.

पण गुरुजींच्या पन्नास हजारांवर मला स्पष्ट बोलायचं आहे, आणि ते त्यांच्याच पोथ्यांतून. मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रायश्चित्तांचा. (या ग्रंथाचं नाव काढताना मला १९२७ चं महाड आठवतं. तिथे आंबेडकरांच्या सत्याग्रहात या ग्रंथाची होळी का झाली हे महाराष्ट्रात राहणाऱ्याला सांगायला नको. माणूस कोणत्या वर्णाचा यावर दंड आणि प्रायश्चित्त बदलणाऱ्या पुस्तकाला मी प्रमाण मानत नाही. पण शांत सांगणारे ज्याचा आधार घेतात तेच पुस्तक त्यांच्याविरुद्ध काय बोलतं, हे ऐकण्यासारखं आहे.) तिथे दुसऱ्याच्या घरातून किरकोळ किमतीची वस्तू चोरणाऱ्याला सांतपन कृच्छ्र नावाचं व्रत सांगितलं आहे, पण ते 'तन्निर्यात्य', म्हणजे ती वस्तू परत केल्यावर. व्रत हे 'आत्मशुद्धये', स्वतःच्या शुद्धीसाठी. ज्याचं गेलं त्याचं नुकसान व्रतानं भरत नाही, ते भरून मगच व्रताला बसायचं. याच अध्यायात पापातून सुटण्याचे मार्ग सांगितलेत: बोलून दाखवणं, पश्चात्ताप, तप, अध्ययन आणि दान. त्यात दान शेवटी येतं, तेही 'आपदि', बाकीचं झेपत नसेल तेव्हा. आपल्याकडे नेमकं उलट झालं, दान पहिलं आणि बोलून दाखवणं कधीच नाही. मुकुट, चांदीचा दरवाजा, सभामंडप, आणि खाली दात्याचं नाव कोरलेलं. ज्याचं वजन मारलं त्याचं नाव कुठे?

याज्ञवल्क्य तर त्याच्या स्मृतीत आणखी कडक आहे. तो म्हणतो, अजाणता झालेलं पाप प्रायश्चित्तानं जातं. जाणूनबुजून केलेलं असेल तर प्रायश्चित्त घेऊन माणूस फक्त 'व्यवहार्य' होतो, चार लोकांत वावरायला लायक. पाप धुतलं जाईलच असं वचन तो देत नाही. हे वाचून तुम्ही खचाल म्हणून मी थांबले होते. पण तुमचं पत्र पुन्हा वाचलं. तुम्हाला स्वर्ग नको आहे, दिवाणजी. तुम्हाला स्टँडवरच्या खांबाआडून बाहेर यायचं आहे. याज्ञवल्क्य जे देतो म्हणतो ते बरोब्बर तेवढंच आहे.

कीर्तनात नामानं पापं जळतात असं ऐकलं असेल. वारकऱ्यांच्या मुलखात राहून मी त्याला नाही कशी म्हणू? नाम घ्याच. फक्त नामाच्या भरवशावर पाप करत राहणं हा परंपरेनं नामापराधच मानला आहे. आणि तुकोबांची व्याख्या तुम्हाला पाठ असेल: 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा । आणीक नाहीं जोडा दुजा यासी ॥' तुकोबा तुमच्याच धंद्यातले, वाणी, घरात सावकारीही होती. दुष्काळानंतर त्यांनी लोकांची कर्जखतं आणली, भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. मात्र तुमच्या बाबतीत एक फरक आहे. तुकोबांनी येणं सोडलं. तुमचं ते देणं आहे, देण्याचे कागद कृष्णेत सोडता येत नाहीत.

तर कामाला लागू. तुमच्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं काही नावं लिहून तुम्ही खोडली आहेत. समडोळी, तुंग, आरग, अशी गावंही आहेत पुढे. पेन्सिलीचं खोडलेलं वाचता येतं. म्हणजे यादी तुमच्याकडे तयार आहे, तुम्हाला कुठल्या जुन्या वहीची गरज नाही. आणि भांडवलही तयार आहे: शांतीसाठी बाजूला काढणार होतात ते पन्नास हजार. सगळ्या वर्षांचं सगळं वजन भरून निघणार नाही, ते कुणाच्यानंच निघणार नाही. तुमच्या वाट्याला आलेलं, म्हणजे ती पाकिटं, तेवढ्यापासून सुरू करा. औषधपाण्याचे पैसे त्याला हात न लावता वेगळे ठेवा. वहिनींना आधी सांगा, त्यांच्या नकळत काढू नका. एक लपवाछपवी निस्तरताना दुसरी नको.

एकेकाच्या घरी जा. जोडीला जावई आला तर उत्तम, त्याला कर्ता-अकर्ता प्रकरण प्रत्यक्ष बघायला मिळेल. बोलायचं एवढंच: पट्टीवर तुमचं वजन कमी लिहिलं जायचं, लिहिणारा हात माझा होता, हे त्यातले माझ्या वाट्याचे. मालकाचं नाव घ्यायची गरज नाही, ते ओळखतील. ओल, माती, त्या वेळची पद्धत, यातलं काही सांगायचं नाही. कुणी आवाज चढवेल. तो चढवू द्या, मधे बोलू नका. कुणी गावभर करेल, ते होणार असं धरूनच निघा. कुणी वारला असेल तर मुलाला, सुनेला द्या आणि कशाचे ते सांगून द्या. कुणाचा पत्ताच लागला नाही, जमीन विकून कुटुंब कुठे गेलं कळलं नाही, तर तिथे दान येतं. त्या गावच्या शाळेत एखाद्या शेतकऱ्याच्या पोराची फी भरा, पावती दुसऱ्याच्या नावानं करा.

मालकांची मुलं आता गादीवर असतील तर त्यांच्याकडे एकदाच जा. त्यांच्याकडून वाटा मागायचा नाही. फक्त तुम्ही काय करणार आहात ते त्यांच्या कानावर घाला, बाहेरून कळण्यापेक्षा बरं. आणि त्यांच्या काट्यावर कडता अजून चालू आहे असं दिसलं, तर मात्र गप्प बसू नका. आपस्तंबाच्या यादीत मधली जागा मान्यता देणाऱ्याची आहे. शेतकऱ्याला पट्टी नीट वाचायला शिकवा. वजन, बारदान, हमाली, तोलाई, अडत, प्रत्येक रकाना. तुमच्याइतकं ते कुणाला येत नाही. तक्रार करायची वेळ आली तर बाजार समितीचं कार्यालय तुम्हाला ठाऊक आहेच.

एक अडचण नक्की येईल. कुणीतरी पैसे घेणारच नाही. जाऊ द्या हो दिवाणजी, झालं ते झालं, म्हणेल आणि नोटा तुमच्या खिशात परत कोंबेल. तेव्हा हायसं वाटून उठू नका. त्याला विचारा, मग हे कुणाला देऊ? तो म्हणेल देवळात टाका, तर देवळात टाका. म्हणेल पोरीच्या लग्नात आहेर करा, तर आहेर करा. म्हणेल तुमच्या नातीच्या मशीनला लावा, तर त्याचे पाय धरा आणि तिच्या मशीनला लावा.